पोर्टल मालिका: उगम, गणित आणि स्वतःचं चेंबर बांधणं (नाशिकमधल्या एका सत्रासाठी माहिती हवी)

गोदाकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज रोडजवळच्या एका अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या १२ मुलांसाठी एक दिवसाचं सत्र ठरतंय. सकाळी पोर्टल या गेम मालिकेची ओळख (बंदुकीने भिंतीवर दोन जोडलेली दारं, म्हणजे पोर्टलं, लावायची; एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर, आणि तसं एकेक कोड्याची खोली, म्हणजे चेंबर, पार करायचं). दुपारी पोर्टल २ सोबत येणाऱ्या लेव्हल बांधायच्या साधनात मुलांनी स्वतःचं एक चेंबर बांधायचं. चार विंडोज कंप्युटर आणि एक प्रोजेक्टर आहे.

हवंय ते असं: मालिका कुठून आली हे वीस मिनिटांत कसं सांगावं, उड्यांचं गणित मुलांना कसं पटवावं, चार मशीनना गेमच्या किती प्रती लागतील, आणि पहिलं चेंबर बांधताना मुलं नेमकी कुठे अडकतात. "भारी गेम आहे, नक्की खेळा" हे माहीत आहे, त्याच्या पुढचं लिहा. शेवट फोडायचा असेल तर आधी इशारा द्या, निम्म्या मुलांनी गेम खेळलेला नाही.

कोडेबाज

उगमापासून सुरू करतो, कारण मुलांना सगळ्यात जास्त भावेल तो हाच भाग. हा विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून निघालेला गेम आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये डिजिपेन नावाची संस्था आहे, गेम बनवणं हाच तिथला अभ्यासक्रम. तिथल्या सात विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये नार्बॅक्युलर ड्रॉप हा छोटा गेम केला. किम स्विफ्ट, जीप बार्नेट, डेव्ह कर्चर वगैरे मंडळी. गटाचं नाव न्यूक्लिअर मंकी सॉफ्टवेअर. राक्षसाने पकडून गुहेत कोंडलेली राजकन्या आणि तिला मदत करणारी जिवंत गुहा, एवढीच गोष्ट. राजकन्येचं नाव नो-नीज, म्हणजे बिनगुडघ्यांची. का? कारण तिला उडी मारता येत नाही. वर जायचं तर पोर्टलमधूनच जायचं. मर्यादेलाच पात्राचं नाव करून टाकलं. "नार्बॅक्युलर" हा शब्द कुठल्याच शब्दकोशात नाही. इंटरनेटवर शोधलं की फक्त आपलाच गेम सापडावा म्हणून तो बनवला.

डिजिपेनमध्ये कंपन्या नोकरभरतीसाठी येतात. तिथे व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या रॉबिन वॉकर यांनी हा गेम पाहिला आणि टीमला जवळच्याच बेलव्ह्यूमधल्या कार्यालयात बोलावलं. तिथलं प्रात्यक्षिक बघून व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी हीच कल्पना व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनवर (गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर) पूर्ण गेम म्हणून करायला टीमला कामावर घेतलं. पुढे दोनेक वर्षं काम चाललं, आणि टीम दहा माणसांच्या आसपासच राहिली. १० ऑक्टोबर २००७ ला ऑरेंज बॉक्स या संचात हाफ-लाइफ २, त्याचे दोन भाग आणि टीम फोर्ट्रेस २ यांच्या जोडीला पोर्टल बाहेर पडला. संचातला सगळ्यात छोटा गेम, तीन-चार तासांत संपणारा. २००८ च्या गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम गेम तोच ठरला.

मुलांना एक गोष्ट आवर्जून दाखवा. पहिल्या भागात १९ चेंबरं आहेत. दुसऱ्या चेंबरमध्ये बंदूक मिळते, पण ती फक्त निळं पोर्टल सोडते. नारिंगी पोर्टल भिंतीवर आधीच लावलेलं असतं. दोन्ही रंग हातात येतात ते थेट अकराव्या चेंबरमध्ये. आणि उंचावरून पडून लांब फेकलं जाणं शिकवलंय दहाव्यात, म्हणजे एकच रंग हातात असताना. एका वेळी एकच नवी गोष्ट. ज्याला चेंबर बांधायचंय त्याने पहिल्या अकरा चेंबरांचा क्रम वहीत उतरवून काढावा, दुसरं पाठ्यपुस्तक लागत नाही.

द्राक्षबाग

दोन दुरुस्त्या.

एक, चेंबरं १९ नाहीत, २० आहेत. मोजणी ०० पासून सुरू होते. भिंतीवरच्या पाटीवर ००/१९ असं असतं म्हणून सगळे फसतात. वरचं दुसरं, दहावं, अकरावं हे पाटीवरच्या आकड्यांनुसार, हेही मुलांना सांगा, नाहीतर मोजताना घोळ होईल.

दोन, "पोर्टलची कल्पना या विद्यार्थ्यांची" असं सांगू नका. प्रे नावाचा गेम जुलै २००६ मध्ये आला, त्यात पोर्टलं होती, आणि त्याचं तंत्र १९९८ मध्येच जाहीर दाखवलं गेलं होतं.

कोडेबाज

पहिली मान्य, शून्य विसरलो.

दुसरी अर्धी मान्य. प्रे मधली पोर्टलं गेम बनवणाऱ्याने ठरवलेल्या जागी उघडतात, खेळाडू त्यातून फक्त जातो. नार्बॅक्युलर ड्रॉपमध्ये पोर्टल कुठे लावायचं हे खेळाडू ठरवतो. दार आहे आणि दार बसवायचं काम आपल्याकडे आहे, एवढा फरक. कोडं दुसऱ्यातूनच तयार होतं. मुलांना सांगताना "शोध लावला" ऐवजी "खेळाडूच्या हातात दिलं" म्हणा.

सातपूर_लेथ

उड्यांचं गणित माझ्याकडे. गेममधला शब्द फ्लिंग, मुलांना "गोफण" म्हणून सांगा, लगेच कळतं.

नियम एकच: पोर्टलमधून जाताना वेग तेवढाच राहतो, फक्त दिशा वळते. जमिनीवरच्या पोर्टलमध्ये सरळ खाली पडलात आणि दुसरं पोर्टल भिंतीवर असेल, तर तोच वेग आडवा होऊन मिळतो.

पडण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नाशिकच्या मुलांना हे गंगापूर धरणावरून समजवा. धरणाच्या भिंतीला पाण्याच्या पातळीखाली ५ मीटरवर भोक पडलं असं समजा, धार साधारण १० मीटर प्रति सेकंदाने येईल. २० मीटरवर पडलं तर साधारण २० ने. खोली चौपट, वेग दुप्पट. गोफणीचं तेच, फक्त पाण्याच्या जागी आपण.

आता कामाचं सूत्र. बांधकाम १२८ एककांच्या (एकक म्हणजे गेममधलं लांबीचं माप) घनांमध्ये होतं, त्याला ब्लॉक म्हणू. समजा पडण्याची उंची "प" ब्लॉक, आणि भिंतीतून आडवे बाहेर आल्यावर उतरायची जागा "उ" ब्लॉक खाली आहे. मग

अंतर = २ × √(प × उ) ब्लॉक

गुरुत्वाकर्षण दोन्हीकडून छाटलं जातं, म्हणून सूत्रात ते येतच नाही. प ४, उ १ असेल तर ४ ब्लॉक. प ४, उ २ तर ५.७. दोन्ही ४ असतील तर ८.

बाहेरचं पोर्टल ४५ अंशांच्या तिरप्या पॅनेलवर असेल आणि त्याच पातळीवर उतरायचं असेल तर अंतर सरळ २ × प. चार ब्लॉक पडलात, आठ ब्लॉक गेलात. ३० आणि ६० अंशांना अंतर एकमेकांसारखंच येतं (प ४ असेल तर ६.९), फक्त एकात उंच जाता, एकात सपाट. छत बुटकं असेल तर सपाटवालं घ्या, नाहीतर डोकं आपटून उडी मध्येच मरते.

चुकतं कुठे: मुलं "प" मोजतात खोलीच्या तळापासून, पण तो मोजायचा उडी मारायच्या कट्ट्यापासून पोर्टल ज्या पृष्ठावर आहे तिथपर्यंत. दुसरं, सूत्राने आलेलं अंतर बिंदूचं आहे आणि माणूस ७२ एकक उंच आहे. शिवाय हवेत थोडं वळता येतं. म्हणून उतरायची जागा सूत्राने सांगितलेल्या ठिकाणाच्या अलीकडे-पलीकडे एकेक ब्लॉक मोकळी ठेवा. तंतोतंत एक ब्लॉकचा ओटा दिलात तर कोडं सुटलेलं असूनही खेळाडू दहा वेळा पडेल आणि वैतागून दुसराच मार्ग शोधत बसेल.

आणि एक मर्यादा: पोर्टलमधून बाहेर पडण्याचा वेग इंजिनमध्ये सेकंदाला १००० एककांवर अडवलेला आहे. गेममधलं गुरुत्वाकर्षण ६०० धरून हिशेब केला तर साडेसहा ब्लॉक पडल्यावर ही मर्यादा गाठली जाते. त्याहून खोल विहीर खणून उपयोग शून्य. दहा ब्लॉक खोल खड्डा हमखास कुणीतरी खणतंच.

अर्धा_कप

एक पोर्टल जमिनीवर, दुसरं त्याच्या बरोबर वर छतावर. माणूस पडतच राहतो. म्हणजे फुकटची ऊर्जा झाली की! दहावीचा मुलगा हे विचारणारच.

सातपूर_लेथ

विचारू दे, विचारायलाच हवं. ४० किलोची वस्तू ३ मीटर पडली की एका फेरीत सुमारे १,१७६ ज्यूल मिळतात, आणि पुढच्या फेरीला ती परत वर उचलायला कुणी काही खर्च केलेला नसतो. गेम हे वेगमर्यादेने झाकतो, सोडवत नाही. उत्तर असं द्या: खऱ्या जगात असं दार असतं तर वर आणि खाली यांतला ऊर्जेचा फरक त्या दारातच कुठेतरी वसूल व्हावा लागला असता. वस्तूला वरच्या दारातून बाहेर यायला तेवढाच जोर लागला असता. गेममध्ये ती वसुली माफ आहे, आणि सगळी मजा त्या माफीतच आहे.

पंचवटीकर

मग तो जुना वादही मिटवा. क्यूब, म्हणजे गेममधला उचलून न्यायचा ठोकळा, स्थिर ओट्यावर ठेवलाय. नारिंगी पोर्टल लावलेली फळी वरून जोरात खाली येते, क्यूब तिच्यात शिरतो. निळं पोर्टल तिरप्या, पण स्थिर भिंतीवर आहे. क्यूब निळ्यातून टपकन पडेल की उडून जाईल?

आमच्या दुतोंड्या मारुतीला विचारलं तर एक तोंड "टपकन" म्हणेल, दुसरं "उडेल".

सातपूर_लेथ

उडेल.

क्यूबची उंची अर्धा मीटर आणि फळीचा वेग सेकंदाला ५ मीटर धरा. क्यूब पूर्ण आत जायला ०.१ सेकंद लागतो. म्हणजे त्याच ०.१ सेकंदात तो निळ्या बाजूने पूर्ण बाहेर यायला हवा, मधे साठायला जागाच नाही. निळ्या भिंतीकडे उभं राहून पाहिलं तर अर्धा मीटर वस्तू ०.१ सेकंदात बाहेर आली. वेग ५ मीटर प्रति सेकंद. इतक्या वेगाने बाहेर आलेली वस्तू शेवटच्या क्षणी अचानक का थांबेल? "स्थिर होता म्हणून स्थिर राहील" म्हणणारे हे विसरतात की वेग मोजायचा तो पोर्टलच्या तुलनेत.

गेममध्ये हा प्रयोग करून उत्तर मिळत नाही. पृष्ठ हललं की त्यावरचं पोर्टल मिटतं.

तिरपं_पॅनेल

त्याला एक अपवाद: पोर्टल २ मध्ये विषारी वायूच्या नळ्या लेझरने कापायच्या जागी सरकत्या पृष्ठावर पोर्टल टिकतं. तेवढ्या एका जागेसाठी खास सोय करून दिलीय, बाकी नियम तोच.

पोर्टल आतून कसं चालतं ते थोडक्यात, कारण मुलं "भिंतीला भोक पडतं का" विचारतात. चित्राच्या बाबतीत नाही पडत. आधी पडद्यावर पोर्टलच्या लंबगोलाचा साचा कापला जातो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. मग कॅमेरा दुसऱ्या पोर्टलमागे नेऊन, तितकाच फिरवून, तिथलं दृश्य फक्त त्या साच्यात रंगवलं जातं. दुसऱ्या पोर्टलच्या भिंतीमागे जे काही आहे ते छाटून टाकावं लागतं, नाहीतर कॅमेऱ्यासमोर भिंतीची पाठच येईल. पोर्टलात पोर्टल दिसलं की हेच परत. समोरासमोर लावलेली दोन पोर्टलं जुन्या मशीनला जड जातात ती यामुळे, सेटिंगमध्ये पुनरावृत्तीची खोली कमी करा.

टक्करीच्या बाबतीत मात्र खरंच भोक पडतं. पोर्टलजवळच्या भिंतीची एक तात्पुरती प्रत केली जाते, तिला भोक असतं, आणि अर्ध्यात अडकलेल्या क्यूबचा एक जुळा दुसऱ्या बाजूला उभा केला जातो. भोकाभोवती पुरेशी भिंत लागते, म्हणून कडेवर किंवा कोपऱ्यात पोर्टल बसत नाही. बंदूक ते थोडं सरकवून बसवायचा प्रयत्न करते, नाहीच जमलं तर ठिणग्या उडतात.

उजेड पोर्टलमधून जात नाही. भिंतींवरचा प्रकाश आधीच मोजून चिकटवलेला असतो. उजळ खोली आणि अंधारी खोली पोर्टलने जोडा, अंधारी तशीच राहते. मुलांना हे स्वतः पकडू द्या, आधी सांगू नका.

कोडेबाज

दुसऱ्या भागाचा उगम राहिला. तिथेही पहिला प्रयत्न फसला होता, आणि तो सांगण्यासारखा आहे.

पोर्टल २ ची पहिली कल्पना होती पूर्वकथा: पोर्टलं नाहीत, चेल (आपण जिच्या रूपात खेळतो ती नायिका) नाही, ग्लॅडॉस (चाचण्या घेणारी, बोलणारी कंप्युटर) नाही. आतलं नाव एफ-स्टॉप. कॅमेऱ्याने वस्तूचा फोटो काढायचा, वस्तू गायब होते, मग ती लहान-मोठी करून दुसरीकडे ठेवायची. चाचणीला आलेल्या खेळाडूंनी विचारलं, पोर्टलं कुठेत? ग्लॅडॉस कुठेय? सगळं बाजूला ठेवून पोर्टलांकडे परत यावं लागलं.

रंगीत जेल (जमिनीवर-भिंतीवर पसरणारा घट्ट रंग) आली ती पुन्हा डिजिपेनमधून. तिथल्या दुसऱ्या एका विद्यार्थी गटाचा टॅग: द पॉवर ऑफ पेंट हा गेम २००९ चा. व्हॉल्व्हने त्या गटालाही कामावर घेतलं. निळी जेल उसळवते, नारिंगी पळवते, पांढऱ्या जेलने कुठल्याही भिंतीवर पोर्टल बसतं. भिंतीला चिकटवून चालवणारी एक जेलही होती, पण खेळाडूंना मळमळायला लागलं म्हणून ती काढून टाकली. टॅगमध्ये रंगाची बंदूक हातात असते. पोर्टल २ मध्ये रंग नळातून पडतो आणि तो पोर्टलांनी वळवायचा. नवं हत्यार दिलं नाही, जुन्याच हत्याराला नवं काम दिलं.

तसंच पहिल्या भागातले ऊर्जेचे गोळे काढून लेझर आणला. गोळा सुटायची वाट बघत बसावं लागायचं आणि नेम चुकला हे उशिरा कळायचं. लेझरची रेघ जागच्या जागी दाखवते कुठे चुकलं ते. पोर्टल २ आला एप्रिल २०११ मध्ये, नऊ प्रकरणं आणि शिवाय दोघांनी मिळून खेळायचा वेगळा भाग. लेव्हल बांधायचं साधन फुकट मिळालं मे २०१२ मध्ये.

द्राक्षबाग

सोबती क्यूबचं विसरलात. सतराव्या चेंबरमध्ये एकच क्यूब शेवटपर्यंत सोबत न्यायचा होता. चाचणीत लोक तो मागेच विसरून यायचे. मग त्यावर गुलाबी बदाम रंगवला आणि ग्लॅडॉसच्या तोंडी त्याच्या मैत्रीचं कौतुक घातलं. लोक विसरायचे थांबले. आज जगभर विकली जाणारी ती बदामवाली उशी म्हणजे मुळात विसरभोळ्या खेळाडूंवरचा इलाज.

इंदिरानगरकर

मराठी माध्यमाची मुलं असतील तर ग्लॅडॉसचं काय? गेममध्ये मराठी नाही. इंग्रजी सबटायटल्स चालू करता येतात, पण विनोद वाचून कळत नाही.

कोडेबाज

एकाने प्रोजेक्टरवर खेळायचं, दुसऱ्याने ग्लॅडॉस मराठीत बोलायची. पण विनोदी आवाज काढायचा नाही. टीममध्ये लेखनाला एरिक वुल्पॉ आणि चेट फॅलिझेक होते. आधी संवाद तात्पुरते कंप्युटरच्या वाचक-आवाजात टाकले होते, आणि तो कोरडा आवाजच जास्त हसवतो हे लक्षात आलं. एलेन मॅकलेन यांनी मग त्याच यंत्राची नक्कल करत बोलणी ध्वनिमुद्रित केली.

मराठीत त्याला जोड एकच: सीबीएस बसस्थानकाच्या फलाटावरची उद्घोषणा. "चाचणीस आलेल्यांनी कृपया लक्ष द्यावे. या खोलीतील जमीन प्राणघातक आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." सगळं कर्मणी आणि "आपण" मध्ये, एकही शब्द वर-खाली न करता.

रविवारकारंजा

मशीन आणि प्रती.

पोर्टल २ ला डिस्कवर सुमारे ८ जीबी जागा धरा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या गेल्या दहा वर्षांतल्या मशीनवरही चालतो. मुलं मॅक आणणार असतील तर नको म्हणा: गेम ३२ बिटचा आहे आणि मॅकओएस १०.१५ पासून ३२ बिट बंद आहे.

चार मशीनवर एकाच वेळी चालवायचं तर चार प्रती. स्टीमवर (व्हॉल्व्हचं ऑनलाइन गेम दुकान) कुटुंबात प्रत वाटून घेता येते, पण एका वेळी एकच जण ती खेळू शकतो. सेलमध्ये दोन्ही भाग फारच स्वस्त होतात, सुट्टीपर्यंत थांबू नका. कॅफेमध्ये कायमचं चालवायचं असेल तर स्टीमची वेगळी योजना आहे, एक दिवसासाठी तिच्या फंदात पडू नका. दोघांचा भाग एकाच मशीनवर पडदा विभागून खेळता येतो, त्याला निदान एक गेमपॅड लागतो.

गेम आदल्या दिवशी उतरवून ठेवा आणि प्रत्येक मशीनवर एकदा उघडून बघा. पहिल्यांदा उघडताना स्टीम आणखी काय काय बसवत बसतं. सकाळी दहा वाजता चार मशीनवर एकाच वायफायने ३२ जीबी उतरवणं म्हणजे सत्राची सांगता.

मळमळ: बारातल्या एक-दोघांना होणार. मोशन ब्लर बंद करा, खोलीतला दिवा चालू ठेवा, अर्ध्या तासाने जागा बदला. ज्याला होतंय त्याला बांधायच्या साधनावर बसवा, तिथे दृश्य गरगरत नाही.

तिरपं_पॅनेल

आता पहिलं चेंबर. मुख्य मेन्यूतून समुदायाच्या चाचणी चेंबरांत जा, तिथे नवं चेंबर घ्या. एक तयार खोली येते: आत यायचं दार, बाहेर जायचं दार आणि निरीक्षण खोली. ही तिन्ही हलवता येतात, काढता येत नाहीत.

मुलांना पहिल्या तासात फक्त चार वस्तू द्या: क्यूब, मोठं बटण, काच आणि तिरपं पॅनेल. साधनाची पट्टी भरलेली असते, आणि सगळं दिलंत तर बारा टरेट (गोळ्या झाडणारी यंत्रं), चार जेल आणि शून्य कोडं असा प्रकार होतो.

क्रम उलटा ठेवा. आधी शेवट: बाहेरचं दार एका बटणाला जोडा. बटणावर उजवी क्लिक, जोडणी निवडा, मग दारावर क्लिक. जमिनीवर ठिपक्यांची रेघ दिसली की जोडलं. मग विचारा, बटणावर काय ठेवायचं? क्यूब. तो कुठे आहे? खड्ड्यापलीकडच्या कट्ट्यावर. तिथे कसं जायचं? गोफणीने. आता खड्डा, उडी मारायचा कट्टा आणि बाहेर पडायची भिंत वर दिलेल्या सूत्राने कागदावर काढा, नंतरच माऊसला हात.

सगळी खोली आधी काळी करा, काळ्यावर पोर्टल बसत नाही. मग कोड्याला लागतील तेवढेच चौकोन पांढरे करा. याच्या उलट केलं, म्हणजे सगळं पांढरं ठेवून नको तिथे काळं केलं, तर एक पांढरा तुकडा हमखास सुटतो आणि खेळाडू अख्खं कोडं ओलांडून दाराशी पोचतो.

अडकायच्या जागा. क्यूब परत येणार नाही अशा खड्ड्यात पडला तर खेळाडू कायमचा अडकतो, तेव्हा क्यूब नष्ट झाल्यावर नवा पडतो ना हे तपासा. खेळाडू स्वतः खड्ड्यात पडला तर? एकतर तळाला विषारी पाणी ठेवा, म्हणजे तो मरून परत सुरू करेल, नाहीतर वर यायला एक पांढरी भिंत द्या. कोरडा, काळा, खोल खड्डा म्हणजे कोंडवाडा.

एका दाराला दोन बटणं जोडली तर दोन्ही दाबलेली असतानाच दार उघडतं. "यापैकी कुठलंही एक" असं हवं असेल तर बटणं थेट दाराला जोडू नका. दोन लेझर एकाच ग्राहकावर (लेझर झेलणाऱ्या यंत्रावर) पडतील असे लावा, प्रत्येक बटणाला एकेक लेझर जोडा आणि ग्राहक दाराला. कुठलाही एक पेटला की दार उघडतं.

तपासताना बांधणाऱ्याने खेळायचं नाही. शेजारच्या गटाला बसवा आणि बांधणाऱ्याने तोंड बंद ठेवून बघायचं. "अरे तिकडे नाही" म्हणालं की एक गुण कापा. व्हॉल्व्हवालेही खेळाडूंना खेळताना नुसतं बघूनच सगळं छाटत गेले.

इंदिरानगरकर

पांडवलेण्याचं एखादं लेणं चेंबर म्हणून करता येईल का? मुलांनी पाहिलेलं असतं.

तिरपं_पॅनेल

क्रमांक ३ चं गौतमीपुत्र विहार जमेल, १८ क्रमांकाचा चैत्य नाही. चैत्याचं छत कमानीचं आहे आणि या साधनात फक्त चौकोनी ब्लॉक. कमान हवी तर हॅमर हे लेव्हल बांधायचं मोठं साधन लागतं. त्यात नकाशाला कुठे बारीक फट राहिली तरी पुढची दृश्यमानतेची पायरी चालत नाही, प्रकाशाचा विचका होतो आणि फट शोधण्यात दुपार जाते. एका दिवसात नको.

विहाराचा सभामंडप ४१ बाय ४६ फूट आहे. एक एकक म्हणजे एक इंच धरलं तर ब्लॉक १०.७ फुटांचा, म्हणजे मंडप जेमतेम ४ बाय ४ ब्लॉक. आणि खोल्या १८: उजवीकडे ७, मागे ६, डावीकडे ५. प्रत्येक खोली एक ब्लॉक आणि दोन खोल्यांमधली भिंतही एक ब्लॉक, कारण इथे त्याहून पातळ भिंत येत नाही. सात खोल्यांच्या बाजूलाच १३ ब्लॉक लागतात. प्रमाणात बसत नाही. मंडप १३ बाय ११ करा, खोल्या तशाच ठेवा, वऱ्हांड्याचे अष्टकोनी खांब सोडून द्या. कोडं सोपं आहे: १८ खोल्या, त्यातल्या तिघींचीच मागची भिंत पांढरी.

पंचवटीकर

म्हणजे पंधरा खोल्यांत डोकावून बघायचं आणि हात हलवत परत यायचं. कंटाळा नाही का येणार?

तिरपं_पॅनेल

बरोबर पकडलंत. मग मंडपाच्या मध्यभागी एक उंच ओटा द्या, तिथून सगळ्या खोल्यांच्या मागच्या भिंती एका नजरेत दिसतील. खोल्यांना दारं लावू नका. शोधाशोध संपली, कुठून पडायचं तेवढा प्रश्न उरला.

गोदाकाठी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सकाळी प्रोजेक्टरवर ०० ते ११, ग्लॅडॉस मराठीत. दुपारी तीन-तीन जणांचे चार गट, कागद आधी. चार प्रतींची व्यवस्था बघतो. विहाराचा मंडप आदल्या रात्री बांधून ठेवायचा की मुलांकडून करून घ्यायचा?

सातपूर_लेथ

मंडप तुम्ही बांधा, ओट्याची उंची मुलांना ठरवू द्या. साडेसहाच्या वर कोण जातं ते बघा.